एका बानदाजीची दुरुस्ती: नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४

आम्ही सोलच्या दक्षिणेला सुवॉनमध्ये राहतो. कोरियातल्या जुन्या लाकडी पेट्या मी पाच वर्षं बघत होते, ही घेतलेली पहिली. बानदाजी म्हणजे कपडे, कागदपत्रं, पितळी भांडी ठेवायची पेटी. 'बान' म्हणजे अर्धं, पुढचा भाग झाकण्याचा-मिटण्याचा. हिचं झाकण वर नसतं. समोरच्या फळीचा वरचा अर्धा भाग बिजागऱ्यांवर पुढे, खाली उघडतो. शेजारच्या हाल्मोनी (आजी) सांगतात, त्यांच्या माहेरी बानदाजीवर घड्या घातलेल्या रजया रचलेल्या असत आणि उंची बघून घरात माणसं किती ते कळे.

या नोंदी अशी पेटी घरी दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. चुका केल्या त्या क्रमानेच लिहिल्या आहेत.

११ नोव्हेंबर २०२३

सोलमधल्या एका दुकानातून घेतली. ६,५०,००० वॉन, म्हणजे साधारण चाळीस हजार रुपये. आणायला छोटा टेम्पो, ६०,००० वॉन. लांबी ८८, खोली ४२, उंची ७६ सें.मी. लाकूड पाइनचं, लोखंडकाम काळं. या लोखंडी पट्ट्या, कड्या, बिजागऱ्यांना मिळून इथे जांगसोक म्हणतात.

दुकानदारांनी 'कांगह्वा बानदाजी' म्हणून दिली. कांगह्वा हे सोलच्या पश्चिमेचं बेट. तिथल्या बानदाज्या जाड लोखंडकामासाठी आणि तुंब्याच्या आकाराच्या, मधे चिमटलेल्या बिजागऱ्यांसाठी नावाजलेल्या आहेत. या पेटीला तशाच बिजागऱ्या आहेत. मी तेवढ्यावर भुलले. पेटी पालथी केली नाही, मागची बाजू पाहिली नाही, बॅटरी पर्समध्ये असून काढली नाही. अस्सल कांगह्वा या किमतीत कोणी देत नाही, हेही त्या वेळी मनात आलं नाही.

१२ नोव्हेंबर

दिवसाउजेडी तपासणी. वरच्या फळीला डाव्या टोकाकडून ३१ सें.मी. लांब तडा, रुंदी २ मि.मी. उजवी कडी घट्ट बसलेली, हलत नाही. कुलूप नाही. मागचा डावा पाय खालून कुरतडल्यासारखा. आत पांढरा कागद चिकटवलेला, कोपऱ्यांत फुगलेला.

चांगलं काय, तेही लिहून ठेवते. बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून तिरकी मारली तर मागच्या फळ्यांवर हातरंध्याच्या उथळ लाटा दिसतात. चक्री करवतीचे कमानीसारखे ओरखडे कुठेही नाहीत. झाकणाची वरची कड मधोमध बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहे, टोकांना धारदार आहे. ही झीज रंग फासून आणता येत नाही.

हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवली. पाय जेमतेम ६ सें.मी. उंच. इथे घरं जमिनीखालून गरम होतात (ओनदोल), आता त्या जागी गरम पाण्याचे पाइप असतात. नोव्हेंबरात ते चालूच. पेटी कुठे ठेवायची याचा विचार मी केला नाही. त्याची किंमत जानेवारीत दिसली.

२५ नोव्हेंबर

उजवी कडी सोडवली. पेट्रोल पंपावर मिळतं ते साधं तेल दोन दिवस थेंब थेंब सोडलं आणि लाकडी ठोकळीने हलके टोले दिले. इथवर बरोबर.

मग कडीवरचा गंज घालवायला ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली. सकाळी गंज गेला होता, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षांच्या हातांनी आलेला काळा थरही. कडी राखाडी, खडबडीत, कालच कापलेल्या पत्र्यासारखी. डाव्या कडीशेजारी धरली आणि माझे डोळे भरून आले.

लोखंडावर दोन गोष्टी असतात. एक नारिंगी, बोटाला लागणारा गंज, तो काढायचा. दुसरा घट्ट काळा-तपकिरी थर, तो ठेवायचा. व्हिनेगरला यातला फरक कळत नाही. डाव्या कडीला मऊ पितळी ब्रश, सगळ्यात बारीक स्टीलवूल आणि तेल एवढंच केलं. वीस मिनिटांत झालं.

३ डिसेंबर

राखाडी कडी काळी करण्याचे प्रयत्न. घरची चहापूड वापरून अर्धा तास उकळलेला कोरा चहा, त्याचे चार हात, प्रत्येक हात वाळू देऊन. चहातल्या तुरट द्रव्याने लोखंड निळसर काळं होतं. मग कडी गॅसवर हाताला सोसवणार नाही इतकी तापवून तेलाच्या फडक्याने पुसली, तीनदा. लांबून जुळते. जवळून नाही. यापुढे कडीला हात लावणार नाही.

६ जानेवारी २०२४

घरातली आर्द्रता २२ टक्के. (आर्द्रतामापक आज घेतला, १५,००० वॉन. पेटीच्या आधी घ्यायला हवा होता.) वरचा तडा २ वरून ४.५ मि.मी. झाला आहे आणि लांबी ३१ वरून ४४ सें.मी. रात्री दोनदा 'टक्' असा आवाज आला होता, तो हाच.

पेटी आज ओनदोलचे पाइप नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, चार विटांवर हलवली. शेजारी पाण्याचं उघडं भांडं.

आणि मग मी या सगळ्या कामातली मोठी चूक केली. तडा वाढायला नको म्हणून तो भरून टाकला. पाइनचा बारीक भुसा एपॉक्सीत (वाळून कडक होणाऱ्या चिकटद्रव्यात) कालवून काठोकाठ दाबला आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट केला. दिसायला अतिशय सुबक झालं. फोटो आईला साताऱ्याला पाठवला. तिने विचारलं, "पावसाळ्यात लाकूड फुगेल तेव्हा कुठे जाईल गं?" आमच्याकडचा फडताळाचा दरवाजा श्रावणात लागत नसे, तेव्हा बाबा तो तासू लागले की आजोबा ओरडत, दिवाळीला आपोआप लागेल म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी आईला म्हटलं, इथलं लाकूड वेगळं.

२७ जानेवारी

सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारातलं राष्ट्रीय लोकजीवन संग्रहालय. जुन्या पेट्यांसमोर वही घेऊन तीन तास. उत्तरेकडच्या बाकचोनच्या बानदाजीवर लोखंडी पत्र्याला जाळीसारखी भोकं पाडलेली असतात. तिची माझ्या पेटीशी गल्लत होणं शक्य नाही. कांगह्वाशी मात्र जुळवून पाहायचं होतं. अस्सल बिजागरीच्या कडा हाताने कातरलेल्या दिसतात, डावी-उजवी तंतोतंत सारखी नसते, पत्र्याची जाडी जागोजागी बदलते. माझ्या दोन्ही बिजागऱ्या एकाच साच्यातल्या वाटतात. आज मनात पाल चुकचुकली.

सोलच्याच सोंगबुकदोंग भागातलं कोरियन फर्निचर संग्रहालयही बघायचं आहे, तिथे आधी वेळ घ्यावी लागते. ज्यांना लोखंडापेक्षा लाकूडकामात रस आहे त्यांनी ते आधी बघावं.

१८ फेब्रुवारी

डाव्या बिजागरीचे दोन खिळे सैल होते म्हणून ती उचलून पाहिली. जुन्या कामात खिळे फळीतून आरपार जाऊन आतल्या बाजूला वाकवलेले असतात. ते सरळ करताना मोडतात. माझे तीन मोडले. घाई केली नाही, तेल सोडलं, गरम केलं, तरी मोडले. म्हणून सांगते, लोखंडकाम काढू नका. सैल असेल तेवढंच उचला.

बिजागरीखाली फळीवर फिकट छाप आहे, लांबट चौकोनाची. तुंब्याची नाही. त्या चौकोनाच्या कोपऱ्यांत चार जुनी भोकं, लाकडी खुंट्यांनी बुजवलेली. म्हणजे या पेटीला आधी साध्या चौकोनी बिजागऱ्या होत्या. कोणीतरी नंतर त्या काढून कांगह्वाच्या बसवल्या. कधी ते सांगता येत नाही, पण या बिजागऱ्यांचा पत्रा सगळीकडे एकाच जाडीचा आहे, हे आता कॅलिपरने मोजलं.

२४ फेब्रुवारी

दुकानात जाऊन छापेचे फोटो दाखवले. दुकानदार नम्रपणे म्हणाले, जुन्या वस्तूंच्या बिजागऱ्या बदललेल्या असतातच. ते खरं आहे. पण मग नाव बिजागरीवरून द्यायचं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. मी पावतीवर 'कांगह्वा' लिहून घेतलं नव्हतं. पुढच्या वेळी पावतीवर ठिकाण, अंदाजे काळ आणि कोणते भाग बदललेले आहेत ते लिहून मागेन. लिहून द्यायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच.

येताना सोलमधल्याच दाप्सिम्नीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. तिथे एका आजोबांकडे मोडक्या लोखंडकामाची टोपली होती. घडवलेले, चौकोनी बुंध्याचे, प्रत्येकाचं डोकं वेगळं असे अकरा खिळे आणि दोन जुने कोयंडे मिळून २०,००० वॉन. मोडलेल्या खिळ्यांच्या जागी यातलेच तीन बसवले. चौकोनी बिजागऱ्याही होत्या. घेतल्या नाहीत. नव्या भोकांची तिसरी रांग या फळीला सोसणार नाही. ज्या आहेत त्या राहतील, फक्त पेटीला कांगह्वा म्हणायचं नाही.

९ आणि १० मार्च

आतला कागद. वरचा पांढरा थर अलीकडचा, पाण्याच्या फवाऱ्याने सहज सुटला. त्याखाली वर्तमानपत्र निघालं, उभ्या ओळी, चिनी अक्षरं आणि हांगुल (कोरियन लिपी) मिसळून छापलेलं. मी उत्साहात इस्त्रीची वाफ देऊन तो थरही सोडवू लागले आणि तळहाताएवढा तुकडा लगदा होऊन हातात आला. तिथेच थांबले. उरलेला तसाच आहे.

डाव्या भिंतीवर तारखेची ओळ वाचता आली: वर्ष ४२९२. आपल्याकडे पंचांगात शके असतं, तसा इथे दंतकथेतल्या दान्गुन राजापासून मोजलेला दान्गी शक होता. दक्षिण कोरियात सरकारी कामात तो १९४८ ते १९६१ वापरात होता. त्यातून २३३३ वजा करायचे: १९५९. कोरियन युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, त्या सुमारास कोणाच्या तरी घरात ही पेटी होती आणि तिला आतून नवा कागद लावावासा वाटला होता. यावरून पेटीचं वय ठरत नाही. ती १९५९ च्या सुमाराची किंवा त्याआधीची असावी इतकंच म्हणता येतं, कारण जुनं वर्तमानपत्र नंतरही चिकटवता येतं. पण माझ्यासाठी ही बिजागरीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

सुटलेल्या कडा गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने परत चिकटवल्या. जिथे वर्तमानपत्र गेलं तिथे पातळ हानजी (तुतीच्या सालीचा कागद) लावली. कागद आणि पीठ मिळून १२,००० वॉन.

२३ मार्च

हवा गरम झाली आणि मागच्या डाव्या पायाशी भुसा दिसला. बारीक रव्यासारखा. जुना भुसा पेटी हलवली की पडतो, त्यामुळे घाबरण्याआधी खात्री करा: पायाखाली काळा कागद ठेवा आणि आठवडाभर पेटीला हात लावू नका. मी १६ तारखेला ठेवला होता. आज त्यावर चार छोटे ढीग. कीड जिवंत आहे.

औषध टोचायचं नव्हतं, आतला कागद डागाळला असता. प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून पेटी पिशवीत बंद करायचं ठरवलं. जाड पॉलिथीन, कडांना चिकटपट्टी. आत रंग बदलणारी गोळी ठेवली: प्राणवायू नसला की गुलाबी, असला की निळी.

२८ मार्च

गोळी निळीच. एकदाही गुलाबी झाली नाही. साधं पॉलिथीन कितीही जाड असलं तरी त्यातून हवा झिरपते, आणि चिकटपट्टी तर झिरपतेच. पुड्या वाया, २५,००० वॉन.

६ एप्रिल

अॅल्युमिनियमचा थर असलेली फिल्म मागवली. कडा इस्त्रीने, मधे बेकिंगचा कागद घालून, दुहेरी वितळवून जोडल्या. पायांची टोकं फिल्मला भोक पाडतात म्हणून त्यांना आधी फडकी बांधली. एका खिडकीपुरतं पारदर्शक फिल्मचं ठिगळ, त्यातून गोळी दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबी. नव्या पुड्यांसह खर्च ८५,००० वॉन.

१२ मे

पाच आठवड्यांनी पिशवी उघडली. तीन आठवडे पुरतात असं म्हणतात, पण ते उबदार खोलीत. आमच्या खोलीत तापमान २० च्या आसपास होतं म्हणून जास्त ठेवली. काळा कागद पुन्हा पायाखाली.

१८ मे

काळा कागद स्वच्छ. आज तेल.

कोरियात लाकडाला दुलगिरुम, म्हणजे पेरिलाच्या बियांचं तेल, लावायची जुनी पद्धत आहे. ते हवेत वाळून थर धरतं. मी स्वयंपाकघरातलं घेतलं. ते भाजलेल्या बियांचं होतं. डाव्या बाजूला एक हात भरपूर लावला आणि रात्रभर मुरू दिला.

८ जून

डावी बाजू वाळलीच नाही, चिकट राहिली. धूळ बसली, खोलीला खमंग वास. टर्पेंटाइनने पुसून काढली, दोन रविवार गेले. मग न भाजलेल्या बियांचं तेल आणलं, आठ थेंब, सुती फडकं, पूर्ण बाजूला चोळलं आणि दहा मिनिटांत कोरड्या फडक्याने सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी कोरडं. दोन हात पुरे झाले.

फडक्यांबद्दल: वाळणाऱ्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा.

१३ जुलै

जांगमा, म्हणजे इथला पावसाळा. घरात आर्द्रता ७८ टक्के. आज पेटी पुसताना वरच्या फळीवर बोट अडलं. एपॉक्सीने भरलेल्या तड्याला समांतर, तीन सें.मी. मागे, नवा तडा. १९ सें.मी. समोरच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीचे दोन खिळे अर्धा सें.मी. वर आलेत. भरलेली फट बंद व्हायला जागा मागत होती, एपॉक्सी हलेना, म्हणून फळीने दुसरीकडून वाट काढली.

आईचा प्रश्न आठवला. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आता काढ ते सगळं, हळूहळू.

झाकणही लागत नाही, वरची कड अडते. रंधा हातात घेतला होता. ठेवून दिला.

२० जुलै

ओळखीतून एका सोमोकजांगकडे, म्हणजे पारंपरिक लाकडी वस्तू घडवणाऱ्या सुतारांकडे, गेले. वय सत्तरीच्या पुढे. फोटो पाहून सनसेंगनीम (गुरुजी) रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "हिवाळ्यात भरलंत ना?"

त्यांनी दाखवलं ते असं. जुन्या कारागिरांनी मोठ्या कपाटांच्या पातळ फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या बसवल्या, सरस लावला नाही, कारण फळीला वर्षातून दोनदा हलायचं असतं. बानदाजीत जाड अखंड फळ्या असतात, चौकट नसते, म्हणून तिला तडे जातात आणि तो दोष नाही. भरायचाच असेल तर पावसाळ्याच्या शेवटी, फट लहान असताना. जुन्याच पाइनची पाचर, आणि सरस पाचरीच्या एकाच काठाला. दुसरा काठ मोकळा.

सल्ला, जुन्या पाइनचा तुकडा आणि सरसाची छोटी वडी मिळून ८०,००० वॉन. कामासाठी पेटी त्यांच्याकडे ठेवायची का विचारलं, तर म्हणाले तुम्ही बिघडवलीत, तुम्हीच नीट करा, तुम्हाला जमेल.

२७ जुलै ते ११ ऑगस्ट

एपॉक्सी काढणं. भरायला दोन तास लागले होते, काढायला तीन आठवड्यांचे शनिवार-रविवार. गरम हवेने एपॉक्सी मऊ होते पण शेजारचं लाकूड काळवंडतं, एका ठिकाणी काळवंडलंच. शेवटी धातू कापायच्या करवतीचं नुसतं पातं फडक्यात गुंडाळून धरलं आणि फटीत पुढे-मागे केलं. दिवसाला दहा-बारा सें.मी. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा फळी अक्षरशः 'टक्' करून मिटली. भरलेली फट ४.५ होती, आता १ मि.मी.ला थोडी वर.

वर आलेले खिळे ठोकून बसवले नाहीत. नुसते बोटाने दाबले, ते आत गेले.

१७ ऑगस्ट

पाचर. जुन्या पाइनची पट्टी एका बाजूने निमुळती तासली. सरस पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या पाण्यात भांडं ठेवून वितळवला. उकळू द्यायचा नाही. फक्त मागच्या काठाला लावला, पुढच्या काठाला मेण चोळलं म्हणजे चुकून चिकटणार नाही. नव्या तड्यात काहीच भरलं नाही. आतून त्यावर हानजीची दुहेरी पट्टी खळीने लावली, धूळ येऊ नये म्हणून.

२४ ऑगस्ट

हवा जरा कोरडी झाली. झाकण आज सकाळी लागलं, रंधा न लावता.

दाप्सिम्नीहून माशाच्या आकाराचं जुनं कुलूप आणायचा विचार आहे. मासा डोळे मिटत नाही म्हणून राखणीला मासा, असं इथे सांगतात. पण ते बजेटमध्ये बसलं की.

आतापर्यंतचा हिशोब, वॉनमध्ये: पेटी ६,५०,०००, टेम्पो ६०,०००, मापक १५,०००, खिळे २०,०००, कागद १२,०००, किडीवर १,१०,००० (त्यात वाया गेलेले धरून), सुतारांचे ८०,०००, तेल, मेण, एपॉक्सी, ब्रश वगैरे ३८,०००. एकूण ९,८५,०००. वेळ साधारण १४० तास. त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्या चुका निस्तरण्यात गेले.

आई विचारते, परत याल तेव्हा साताऱ्याला आणाल का. जुनी वस्तू कोरियाबाहेर न्यायची तर विमानतळावर किंवा बंदरावर वारसा-तपासणी कार्यालयात दाखवून ती निर्यातबंदीत येत नाही असा दाखला घ्यावा लागतो. इथून पेट्या नेऊ इच्छिणाऱ्यांनी तो विषय तिकिटाआधी मिटवावा. माझी पेटी न्यावी का, ते मी अजून ठरवलेलं नाही. साताऱ्याचा मार्च तिला सोसेल का, ते आधी पाहायचं आहे.

दोन्ही तड्यांच्या कडांना वरच्या फळीच्या आतल्या बाजूने पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि आजची तारीख लिहिली. पाचरीच्या मोकळ्या काठाला ०.३ मि.मी., मागचा नवा तडा ०.५ मि.मी., आर्द्रता ६६ टक्के. पुढचं माप १५ जानेवारीला घेईन आणि इथेच लिहीन.